दुसऱ्या अंकातली दोन आवर्तनं

चूक दुसऱ्या अंकात झाली, आणि ती होती फक्त दोन आवर्तनांची. घड्याळ लावून मोजली असती तर पाच सेकंदही भरली नसती.

रविवारचा दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृह भरलेलं, वरच्या सज्ज्यातसुद्धा खुर्ची रिकामी नाही. रंगमंचाच्या पुढ्यातल्या खड्ड्यात साठ वादक, आणि त्यांच्यासमोर चौथऱ्यावर तो, हातात छडी घेऊन. त्याच्यापुढचं स्टँड मोकळं होतं. ऑपेरा करणारे बाकीचे कंडक्टर स्कोअर समोर उघडून ठेवतात. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचे आणि गाणाऱ्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेला, उशीएवढा जाड ग्रंथ. हा गेली सहा वर्षं तो ग्रंथ घरीच ठेवून यायचा. तीन तासांचा ऑपेरा, पहिल्या स्वरापासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळा डोक्यात. वर्तमानपत्रांत त्याचं भारी कौतुक व्हायचं. वादकांनी त्याचं नावच 'तोंडपाठ' पाडलं होतं. ते प्रेमानं पडलं की टोमण्यानं, हे त्यानं कधी विचारलं नाही. सोयीचं ते धरून चालला.

दुसऱ्या अंकात एक चाल दोनदा येते. पहिल्या वेळी वाद्यं दोन आवर्तनं वाजवतात आणि राजा गाणं उचलतो. दुसऱ्या वेळी तीच चाल, तेच स्वर, पण वाद्यांची आवर्तनं चार. त्या वाढीव दोनांत राजा सिंहासनावरून उठतो, खिडकीपर्यंत जातो आणि मग गातो. त्या दिवशी उजवीकडच्या खास बैठकीत संस्थेचे विश्वस्त येऊन बसले होते. थोरले कंडक्टर निवृत्त व्हायचे होते, त्यांची जागा याला द्यायची असं जवळपास ठरलंच होतं. विश्वस्तांपैकी एक जण पुढे झुकून टक लावून ऐकतोय, हे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि मन क्षणभर तिकडे गेलं. दुसरी वेळ त्याला पहिली वाटली. दोन आवर्तनं संपताच त्यानं डावा हात ऐटीत उचलून गायकाला खूण केली: ये.

गायकानं तोंड उघडलं. अर्धा शब्द बाहेरही पडला. तेवढ्यात रंगमंचाच्या कडेवरून एक तळहात वर झाला: थांब. गायक थांबला, पण तोंड तसंच उघडं, एक पाय सिंहासनाच्या पायरीवर. सज्ज्यात कुणीतरी फिसकन हसलं. खाली वाद्यं मात्र आपली लिहिलेली चार आवर्तनं निमूटपणे वाजवत राहिली. मग तो तळहात उलटा झाला, बोटं आत वळली, आणि राजा गाऊ लागला.

तो तळहात मावशीचा होता.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, एक लाकडी पेटारा बसवलेला असतो. त्याची पाठ प्रेक्षकांकडे, तोंड गाणाऱ्यांकडे. सगळे त्याला कोनाडा म्हणायचे. खालच्या तळघरातून शिडीनं आत चढायचं, कमरेपर्यंत रंगमंचाखाली आणि छातीपासून वर कोनाड्यात, असं बसायचं. आत एक दिवा, एक स्कोअर, आणि पाठीमागचा कंडक्टर दिसावा म्हणून एक लहानसा आरसा. गाणाऱ्याला प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, तो गायच्या निमिषभर आधी, कुजबुजून द्यायचा. ही प्रॉम्प्टरची जागा. मावशी तिथे एकतीस वर्षं बसत होती. टाळ्यांच्या वेळी पडदा वर जातो, गाणारे वाकतात, कंडक्टर वाकतो, वादक उभे राहतात. कोनाड्यातलं माणूस तेवढं कुणाला दिसत नाही.

ही त्याची सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. त्याला या धंद्यात आणलं तिनंच. सहा वर्षांचा असताना जेवणाच्या टेबलावर दोन चमचे घेऊन तिनं त्याला ताल धरायला शिकवलं. एकोणिसाव्या वर्षी तालमीला पियानो वाजवायला इथे उभं केलं. पहिल्यांदा छडी हातात आली त्या दिवशी त्याचे वडील म्हणाले, "ना घंटी, ना तिकिटं, कसला रे हा कंडक्टर?" तेव्हा सगळ्यांच्या आधी मावशीच हसली होती, आणि मग त्याला आत नेऊन म्हणाली होती, "हसू दे त्यांना. तू फक्त एक लक्षात ठेव. छडीला आवाज नसतो. वाजवतात ते दुसरे."

मावशीचा एक नेम होता. कोनाड्यात चढली की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत ऑपेऱ्यातल्या शब्दांखेरीज तोंडातून एक अक्षर नाही. मध्यंतरात नाही, प्रयोग संपल्यावर नाही, घरी गेल्यावरही नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्याचे शब्द तोंडात धरायचे तर आपले बाहेर ठेवावे लागतात." एकतीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. एकदा तळघरात पाय मुरगळला, तर तिनं कागदावर 'दुखतंय' असं लिहून दाखवलं होतं. नाट्यगृहातल्या झाडूवालीपासून व्यवस्थापकांपर्यंत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यालाही ठाऊक होतं. इथेच सगळं येऊन ठेपतं.

दुसरा अंक संपला, पडदा पडला, आणि पाठीमागच्या बोळात बुलंदनं आवाज चढवला. मुख्य गायकाला सगळे बुलंद म्हणत. गळा तसा होता, आणि स्वभावही. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, गालांवरून रंगाचे ओघळ.

"मी बरोबर शिरलो होतो! साहेबांनी खूण केली, मी शिरलो! आणि यांनी हात दाखवून मला थांबवलं! भर प्रयोगात! माझं तोंड उघडं राहिलं, मासळीसारखं! लोक हसले!"

व्यवस्थापक धावत आले. वेशभूषावाली सुई-दोरा हातात घेऊन थबकली. तळघराचा जिना चढून मावशी वर आली, अंगावर शाल, हातात गरम पाण्याची थर्मासची बाटली. बुलंदनं तिच्याकडे बोट दाखवलं.

"विचारा! विचारा यांना!"

मावशीनं बुलंदकडे पाहिलं, व्यवस्थापकांकडे पाहिलं, आणि मग भाच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, कोनाड्यातून गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघते तशी. आता याचा शब्द आहे, आता हा बोलेल.

तोवर त्याला पुरतं कळून चुकलं होतं. आवर्तनं चार होती, त्यानं दोन धरली. त्याच्या कानांतून वाफा निघत होत्या. समोर व्यवस्थापक, वर विश्वस्त चहा पीत बसलेले. आणि मावशी बोलणार नाही. उद्या उजाडेपर्यंत ती एक शब्द बोलणार नाही.

"मावशी," तो म्हणाला, "पुढच्या वेळी जरा लक्ष ठेव. असं चालत नाही."

मावशीनं मान हलवली. ती मान होय म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ऐकलं, एवढंच. मग ती बाटली भरून घ्यायला निघून गेली, आणि तिसऱ्या अंकात एकाही शब्दाला अडखळली नाही.

प्रयोग संपल्यावर रंगव्यवस्था पाहणारी बाई नोंदवही घेऊन त्याच्या खोलीत आली. प्रत्येक प्रयोगाचं काय बरं झालं, काय बिघडलं, याच्या चार ओळी तिला लिहाव्या लागत आणि कंडक्टरची सही घ्यावी लागे.

"व्यवस्थापकांनी सांगितलं तसं लिहिलंय," ती म्हणाली. "वाचून सही करा हं."

'दुसऱ्या अंकात प्रॉम्प्टरच्या चुकीच्या खुणेमुळे मुख्य गायकाचा प्रवेश खंडित झाला.'

"वाचलं," तो म्हणाला आणि सही केली. बाई वही मिटून क्षणभर उभी राहिली. काही बोलणार असं वाटलं, पण गेली.

सोमवारी सकाळी फलकावर नोटीस लागली. कोनाडा बंद करण्यात येत आहे. यापुढे शब्द पडद्यावर दिसतील, तशी यंत्रणा मागवली आहे. रविवारच्या प्रयोगातली चूक लक्षात घेता प्रॉम्प्टरना आजपासून कामातून मोकळं करण्यात येत आहे. खाली व्यवस्थापकांची सही. कोनाड्यामुळे पुढच्या दोन रांगांना रंगमंच नीट दिसत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. आजवर निमित्त मिळत नव्हतं, ते मिळालं.

नोटीस त्यानं दोनदा वाचली. तो तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेला.

"ती नोटीस... जरा जास्तच होतंय," तो म्हणाला. "चूक... म्हणजे, चूक तशी तिची एकटीची नव्हती."

"मग कुणाची?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची घसरलेली साखळी बसवत होता. "माझीही असेल थोडी."

व्यवस्थापक हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना कामं उरकायला आवडायची, इतकंच. "तुमची मावशी आहे, जीव तुटतो, कळतं मला. पण तुम्ही सही केली आहे. आता शब्द फिरवलात तर एकाच्या दोन चुका होतात. आणि गुरुवारी विश्वस्तांसमोर तुमच्या नेमणुकीची सही आहे. माझं ऐका. बाई थकल्या आहेत. निरोप समारंभ करू, चांगला हार-तुरा करू. झालं ते बरंच झालं."

"बरं," तो म्हणाला.

बाहेर आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता. आपण सांगायला गेलो होतो, त्यांनीच ऐकलं नाही. जिना अर्धा उतरला आणि ही सुटकेची भावना त्याच्या ध्यानात आली, तसा तो कठडा धरून उभाच राहिला. 'माझीही असेल थोडी.' थोडी! मापात मारणाऱ्या दुकानदारासारखा तो शब्द त्यानं मोजून टाकला होता.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"अरे, ताई काही बोलत नाही नीट. नोकरी गेली म्हणते, आणि वर मलाच विचारते, तू गुडघ्याला तेल लावलंस का. काय झालं तिकडे?"

"काही नाही, जरा... प्रयोगात एक चूक झाली."

"ताईकडून?" आईला ते खरंच वाटेना. "तिच्याकडून चूक? बाई गं! वय झालं म्हणायचं. तू होतास ना तिथे? सांभाळून घेतलंस ना तिला?"

त्यानं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं, चेहरा का असा? तो म्हणाला, डोकं दुखतंय. बायकोनं गोळी आणून दिली, तर डोकं दुखत नसताना तीही गिळली. एका खोट्याला किती ठिकाणी टेकू द्यावे लागतात, याची त्याला कल्पना नव्हती.

मंगळवारी सकाळी तो मावशीकडे गेला. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, दारात पायपुसणं झटकून सरळ घातलेलं. मावशी खिडकीशी बसून शालीची सुटलेली किनार शिवत होती.

"ये. दूध घेतोस की नुसता चहा?"

"काही नको."

"नुसता चहा, मग." ती उठली, आत गेली, आणि भांड्यांच्या आवाजातून तिचं बोलणं येत राहिलं. "परवा तू दोनवर हात केलास. पहिल्यांदा दोन, दुसऱ्यांदा चार. तुला लहानपणापासून तेच ते परत आलं की कंटाळा. गाढवासारखा पुढे पळायचास."

तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणजे ती हे असं बोलणार होती, पियानोची शिकवणी चालली असल्यासारखं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, माझं चुकलं."

"ते मला कशाला सांगतोस?" ती चहा घेऊन बाहेर आली. "मला माहीतच आहे."

कप हातात घेताना चहा बशीत सांडला. मावशीनं तो पुसून घेतला आणि समोर बसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आवर्तनं चुकतात रे. मी एकतीस वर्षं बघतेय, मोठमोठ्यांची चुकली. माझीही चुकली आहेत. तू नुसता गप्प बसला असतास ना, तरी मी काही मनात धरलं नसतं. पोरगं घाबरलं, म्हटलं असतं. पण तू बोललास. मी बोलणार नाही हे माहीत होतं म्हणून बोललास."

त्यानं कप टेबलावर ठेवला.

"माझा नेम आहे तो. मी तो देवासाठी धरला, कामासाठी धरला. तू त्याचा आडोसा केलास." तिचा आवाज चढला नाही. "सोमवारी उजाडल्यावर मला बोलता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, माझ्या तोंडून निघालं तर ते भांडण होईल. ज्याचा शब्द आहे त्यानं तो म्हणावा. मी काय, सुरुवात करून द्यायला बसलेय. कोनाड्यात बसायला मिळेल न मिळेल. पण त्या वहीत माझ्या नावावर खोटं लिहिलंय, आणि खाली तुझी सही. मला तेवढं नको आहे."

तो उठला. दारापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, "चहा संपवून जा." आणि तो परत येऊन, उभ्यानंच, बशीतला चहासुद्धा कपात ओतून प्यायला.

बुधवारी सकाळी दहाला सगळ्यांची तालीम होती. साठ वादक वाद्यं जुळवत होते. वर रंगमंचावर बुलंद गळ्याभोवती मफलर गुंडाळून लिंबाची गोळी चघळत होता. कोनाड्यावर एक फळी ठोकून टाकली होती, तिचे खिळे ताजे, चकचकीत. तो चौथऱ्यावर चढला. रात्रभर त्यानं एक लहानसं भाषण जुळवलं होतं, त्यात 'दुर्दैवानं' आणि 'अनवधानानं' असे शब्द होते. वर चढल्यावर ते सगळं पार पुसून गेलं.

"सुरू करण्याआधी एक सांगायचंय," तो म्हणाला. वाद्यं थांबली. "रविवारी दुसऱ्या अंकात मी चुकीची खूण केली. चार आवर्तनं होती, मी दोन धरली. मावशीनं थांबवलं ते बरोबर होतं. तिनं थांबवलं नसतं तर पुढचा सगळा प्रवेश कोसळला असता. आणि मग मी... बोळात सगळ्यांसमोर मी तिलाच बोललो. वहीत सही केली. ते सगळं खोटं होतं. चूक माझी आहे."

कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेच त्याला विचित्र वाटलं. डाव्या हाताला पहिल्या खुर्चीवर पहिला व्हायोलिनवाला बसायचा, सगळ्यांत जुना, त्याला तात्या म्हणत. तात्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं, चष्मा काढून पुसला.

"साहेब," ते म्हणाले, "आम्हाला माहीत आहे."

"काय?"

"आम्ही साठ जण तीन तास तुमच्या हाताकडेच बघत असतो. तोच आमचा धंदा. तुम्ही दोनवर हात केला, आमच्या कागदावर चार होती. आम्ही चार वाजवली."

"म्हणजे... सगळ्यांना?"

"ढोलवाल्यालासुद्धा. आणि तो तेव्हा पेंगत होता."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. ढोलवाल्यानं मान खाली घातली, पण हसू दाबत. त्याला मात्र हसू येईना. म्हणजे रविवारपासून तीन दिवस तो ज्यांच्यापासून लपत होता, ते सगळे त्याला आरपार बघत होते. सोमवारी जिन्यात 'नमस्कार साहेब' म्हणणारी बासरीवाली. काल दारात वाट सोडून उभा राहिलेला तुतारीवाला. सगळे नमस्कार माहीत असूनचे.

"मग कुणी बोललं का नाही?" त्यानं विचारलं, आणि विचारतानाच हा प्रश्न आपण विचारायचा नव्हता हे त्याला कळलं.

तात्यांनी चष्मा घातला. "आमचंही चुकलंच ते. गुरुवारनंतर तुम्ही आमचे थोरले साहेब होणार. प्रत्येकाला आपली खुर्ची प्यारी." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि खरं सांगू? आम्ही बघत होतो, तुम्ही बोलता का."

वरून बुलंद कडेपर्यंत आला. "थांबा, थांबा. म्हणजे मी चुकीचा शिरलो होतो?"

"तुम्ही माझ्या खुणेनं शिरलात," तो म्हणाला.

"पण चुकीचा?"

"हो. दोन आवर्तनं आधी."

स्कोअर सांभाळणाऱ्या ग्रंथपालाकडून तो मागवला गेला. बुलंदनं गुडघ्यावर बसून, बोट ठेवून ती आवर्तनं मोजली: एक, दोन, तीन, चार. परत मोजली. तो सगळं कानानं शिकायचा, आणि शिकवलेलं होतं मावशीनंच. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आणि मी त्या बाईंना मासळी... म्हणजे मी मासळी म्हणालो, पण त्यांच्यामुळे म्हणालो. अरे देवा." लिंबाची गोळी त्यानं कडकन चावून टाकली.

गडबड ऐकून व्यवस्थापक आले होते, बाजूच्या दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तालीम तिथेच थांबवून ते त्याला बाजूला घेऊन गेले.

"हे माझ्या खोलीत सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं. अर्धं सांगितलं होतं."

"आता नोटीस बदलावी लागेल." त्यांनी कपाळ चोळलं. "कोनाडा निदान या हंगामापुरता ठेवावा लागेल, नाहीतर वादकच गोंधळ घालतील. पण उद्याची सही होणार नाही. चुकण्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही, चुकतो माणूस. पण सही करून दुसऱ्यावर ढकललंत, हे विश्वस्तांना मला सांगावं लागेल."

"सांगा."

"तुम्हाला कळतंय ना? ती जागा परत रिकामी होईल तोवर तुम्ही पन्नाशीला पोचाल."

त्याला कळत होतं. वहीतली ओळ त्यानं स्वतःच्या हातानं खोडली, खाली खरी ओळ लिहिली, पूर्ण वाक्यात, आणि सही केली. रंगव्यवस्था पाहणारी बाई शेजारी उभी होती. या वेळी तिनं 'वाचून सही करा' म्हटलं नाही. दुपारी फलकावर नवी नोटीस लागली, त्यात त्याचं नाव आणि त्याची चूक. समूहगानातल्या मुली फलकापुढे उभ्या राहून वाचत होत्या, तो आला तशा पांगल्या. त्यानं ती नोटीस शेवटपर्यंत वाचली. आपलं नाव छापील अक्षरांत त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते वाचताना कान असे तापले नव्हते.

आईलाही त्यानं फोन करून सगळं सांगितलं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तू मला हो म्हणाला होतास." आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी प्रयोग होता. तो तासभर आधी तळघरात गेला. फळीचे खिळे काढले होते, लाकडात बारीक भोकं उरली होती. मावशी शिडीपाशी उभी राहून शाल नीट करत होती. अजून कोनाड्यात चढली नव्हती.

"काय हवंय?"

"काही नाही. तू आलीस ते..."

"काम आहे माझं. येणारच." तिनं दिव्याचं बटण लावून पाहिलं, बंद केलं. "बुलंद आला होता घरी. फुलं घेऊन. एवढी फुलं कुठे ठेवू म्हटलं, मग पाण्याच्या बादलीत ठेवली."

तो हसला नाही. "मावशी, रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"ते ठरवलेलं नाही. ठरवलं की पाळावं लागतं, म्हणून ठरवत नाही." तिनं शिडीला हात घातला. आधार द्यायला तो पुढे झाला, तशी ती म्हणाली, "सोड. मला येतं चढता." आणि एक एक पायरी चढत ती वर गेली. पाय दिसेनासे झाले.

नाट्यगृह भरलं. दिवे मंदावले. तो वादकांमधून वाट काढत चौथऱ्यावर गेला. टाळ्या झाल्या, तो वाकला, वळला. साठ माणसं वाद्यं उचलून त्याच्या हाताकडे बघत होती. त्यांच्या नजरा कडवट नव्हत्या, मायेच्याही नव्हत्या. काम करणाऱ्याच्या नजरा होत्या त्या, ज्यांना सगळं दिसतं. इतकी वर्षं या क्षणी त्याची छाती भरून यायची. आज त्याला हात वर करायची लाज वाटली. छडी धरलेला हात मांडीशी तसाच राहिला, एक श्वास, दोन श्वास. तात्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि थांबले. सगळेच थांबले होते, वर कोनाड्यातही कुणीतरी थांबलं होतं, आणि त्याच्याशिवाय सुरू होणार नव्हतं.

त्यानं हात वर केला.